विमा मरणाचा, खर्च उपचाराचा

घरातील माणूस आजारी पडले तर डॉक्टरला बोलवावे की नाही, यावर सहसा चर्चा होत नाही. गोठ्यातील गाय आजारी पडली तर ती होते, आणि तिच्यात निर्दयता असतेच असे नाही. गाईची किंमत किती, ती आणखी किती वेत देईल, डॉक्टरला वाडीपर्यंत आणण्याचा खर्च किती आणि एवढे करून ती वाचेल याचा भरवसा किती, असा तो सरळ हिशेब असतो. रत्नागिरी जिल्ह्यात तो बहुधा गाईच्या विरुद्ध जातो.

त्याचे कारण येथील जनावरांतच आहे. कोकणची गाय अंगाने लहान, डोंगरउतारावर चरून पोट भरणारी, चार महिन्यांच्या पावसाला सरावलेली. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने तिचा अभ्यास केला आणि २०१८ साली ‘कोकण कपिला’ या नावाने स्वतंत्र जात म्हणून तिची राष्ट्रीय पातळीवर नोंद झाली. हा गौरव योग्यच आहे. तथापि त्यामुळे तिचे दूध वाढले नाही. घाटावरील संकरित गाईच्या तुलनेत तिचा बाजारभाव अगदीच थोडा. औषधाची बाटली मात्र गाईचा भाव पाहून आपला भाव ठरवीत नाही. गोचीड तापावरील सुई, कासदाहावरील नळ्या, शिरेतून द्यावयाचे कॅल्शियम यांचा खर्च दोन्ही गाईंना जवळपास सारखाच येतो. मौल्यवान गाईच्या मालकाला जो खर्च शहाणपणाचा वाटतो, तोच कोकणी शेतकऱ्याला उधळपट्टी वाटतो.

अशा वेळी विमा हा तरणोपाय सांगितला जातो, आणि येथेच खरी गफलत आहे. आपल्याकडील पशुधन विमा हा मुख्यतः मृत्यूचा विमा आहे. जनावर मेले तर भरपाई. काही योजनांत जादा हप्ता भरल्यास कायमच्या अपंगत्वाचीही भरपाई. ते वाचविण्यासाठी केलेला खर्च मात्र ज्याचा त्याने सोसावयाचा.

असे का झाले, हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. १९७३ साली सर्वसाधारण विमा व्यवसायाचे राष्ट्रीयीकरण झाले आणि त्या दशकात गुरांचा विमा खेड्यांत पोहोचू लागला. १९७८-७९ पासून एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रमाखाली बँकांनी दुभत्या जनावरांसाठी कर्जे दिली, आणि कर्जाबरोबर विमा हा जणू नियमच झाला. कर्ज फिटण्याआधी म्हैस मेली तर बँकेचा पैसा बुडू नये, ही त्यामागील पहिली चिंता होती. म्हैस आजारी आहे की धडधाकट, याच्याशी बँकेला काय कर्तव्य? तारण नाहीसे झाले की नाही, एवढाच तिचा प्रश्न. आजचा पशुविमा त्या तारणाच्या विम्याचाच वंशज आहे. खोट्या दाव्यांच्या धास्तीने कानातील बिल्ल्याला जे महत्त्व आले तेही त्याच काळातले. बिल्ला नाही तर भरपाई नाही, हा दंडक झाला आणि कापलेल्या कानांच्या कथा गावोगाव रंगू लागल्या.

पुढे सरकारने हप्त्यात सवलत दिली. २००५-०६ मध्ये देशातील शंभर निवडक जिल्ह्यांत प्रायोगिक योजना आली, नंतर ती राष्ट्रीय पशुधन अभियानात गेली. फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने पशुपालकाचा हिस्सा हप्त्याच्या १५ टक्क्यांवर आणण्याचे ठरविले. उरलेली रक्कम केंद्राने व राज्याने ६०:४० या प्रमाणात भरावयाची. उदाहरणादाखल, चाळीस हजारांच्या गाईवर चार टक्के हप्ता धरला तर तो सोळाशे रुपये होतो आणि त्यातले शेतकऱ्याने केवळ दोनशे चाळीस भरावयाचे. ही सवलत खरोखरच मोठी आहे. म्हणूनच प्रश्न पडतो की सरकारी तिजोरीतील इतका पैसा केवळ मृत्यूच्या दाखल्यावर का खर्च व्हावा?

त्या दाखल्याचाही विचार करावा. दाव्यासाठी पशुवैद्यकाचे प्रमाणपत्र लागते, शवविच्छेदन लागते. मंडणगडपासून राजापूरपर्यंत पसरलेल्या या जिल्ह्यात आषाढातल्या पावसात एखाद्या वाडीपर्यंत गाडी जात नाही. जिवंत गाईसाठी जो डॉक्टर येऊ शकला नाही, त्याने मेलेल्या गाईसाठी यावे अशी ही रचना. आणि तो आलाच तर तोवर शव टिकले पाहिजे!

सरकारी व्यवस्था नाहीच, असे म्हणणे अन्यायाचे होईल. दवाखान्यांचे सेवाशुल्क नाममात्र आहे, लाळ्या-खुरकुताच्या लशी मोफत आहेत, १९६२ या क्रमांकावर फिरत्या पथकाला बोलावता येते. २०२२ मध्ये लम्पीची साथ आली तेव्हा राज्याने लस व उपचार मोफत दिले आणि मेलेल्या गाईमागे तीस हजार, बैलामागे पंचवीस हजार, वासरामागे सोळा हजार रुपये साहाय्य जाहीर केले. साथ असली की सरकार धावते, हे त्यावरून दिसले. परंतु आडवे आलेले वासरू, बाहेर पडलेले मायांग, कड्यावरून घसरून मोडलेला पाय ही साथ नव्हे. ती एकेका घराची आपत्ती असते. तिची बातमी होत नाही. मग गावातला कोणी अर्धवट शिकलेला ‘गुरांचा डॉक्टर’ अर्ध्या मात्रेचे प्रतिजैविक टोचून जातो आणि त्याचे अवशेष दुधातून आपल्याच मुलांच्या पेल्यात येतात.

शहरात चित्र वेगळे आहे. २०२० पासून खाजगी कंपन्यांनी पाळीव कुत्र्यांसाठी जे विमे आणले त्यांत शस्त्रक्रियेचा व रुग्णालयाचा खर्च धरलेला आहे. स्वीडनसारख्या देशात तर कुत्र्याचा विमा ही शंभर वर्षांची जुनी रीत आहे. नोकरदाराने आपल्या कुत्र्याचा विमा उतरविला यात हेवा वाटण्याजोगे काही नाही. उलट उपचाराचा विमा उतरविता येतो, हे त्याने सिद्ध होते. ओटीवरच्या कुत्र्याला जे मिळू शकते ते गोठ्यातल्या गाईला मिळू नये, याला तांत्रिक कारण उरत नाही.

यावर विमा कंपन्यांचा आक्षेप ठरलेला आहे: खोटी बिले येतील. येतील, सरकारी वैद्यकीय प्रतिपूर्तीत ती येतच नाहीत असे कोण म्हणेल? म्हणून आपण शिक्षकांची आणि कारकुनांची प्रतिपूर्ती बंद केली नाही, तिला नियम लावले. येथेही लावता येतील. अडलेले वेत, कासदाह, गोचीड ताप, सर्पदंश, अस्थिभंग अशी मोजक्या आजारांची यादी करावी, वर्षाला एक मर्यादा ठरवावी, बिलाचा काही वाटा मालकाने सोसावा. नोंदीसाठी कानातील बारा आकडी बिल्ला आहेच. लसीकरण व उपचार त्यावर नोंदविता येतात. आजवर मृत्यू सिद्ध करण्यासाठी वापरलेला बिल्ला उपचार सिद्ध करण्यासाठी का वापरू नये?

पैसा कोठून येईल, हा प्रश्न रास्त आहे. आणंदच्या सहकारी दूध संघाने आणि आपल्याकडे कोल्हापूरच्या ‘गोकुळ’ने सभासदांच्या दारात पशुवैद्यकीय सेवा नेली, ती दुधाच्या बळावर. गोळा होणाऱ्या लिटरांवर डॉक्टरचा पगार निघतो. रत्नागिरीत वाडीवाडीवर दोन-चार लिटर दूध, तेही घरात नि शेजारी संपते. दूध संघ हा आधार येथे पुरेसा नाही आणि कोल्हापूरची नक्कल करून तो निर्माण होणार नाही. म्हणून सरकारने ज्या ८५ टक्के हप्त्याचा भार स्वीकारला आहे, त्यातूनच उपचाराचा भाग वेगळा काढला पाहिजे. वाचलेली प्रत्येक गाय म्हणजे कंपनीचा एक टळलेला दावा. ही बचत कंपनीच्या हिशेबनिसाला तरी समजावी.

सुरुवात एखाद्या तालुक्यापासून करता येईल. लांजा किंवा संगमेश्वर घ्यावा, बिल्ला असलेल्या जनावरांपुरती तीन वर्षे योजना चालवावी, किती दावे मृत्यूचे आले आणि किती उपचाराचे, ते प्रसिद्ध करावे. त्या काळात तेथील दवाखान्यात पशुवैद्यकाची जागा रिकामी राहणार नाही एवढी हमी मात्र आधी घेतली पाहिजे, कारण उपचार करणाराच नसेल तर बिल कोणाचे आणि प्रतिपूर्ती कशाची?