जागा आहे का, जागा?

डिसेंबर सुरू झाला, की कॅम्पात चक्कर मारायला कारण लागत नाही. एमजी रोडवर लाल टोप्या, चंदेरी झिरमिळ्या, घंटा आणि कागदी तारे लटकू लागतात. तुम्हीही ग्रुपबरोबर जाता, सेल्फी काढता, केकसाठी रांगेत उभे राहता. पण फोटोत मागे लटकलेला तो तारा काय सांगतोय, हे कधी कुणाला विचारलंय?

त्याआधी जरा तुमचे पुण्यातले पहिले दिवस आठवा. ॲडमिशन झाली, बॅगा घेऊन आलात आणि रूम शोधत वणवण फिरलात. 'फुल आहे', 'बॅचलर्स नकोत', 'आधी डिपॉझिट'. ख्रिसमसची गोष्टही अशीच आहे. बायबलमधल्या कथेत मरिया आणि योसेफ बेथलेहेमला पोचतात. तिचे दिवस भरलेले असतात आणि उतरायला जागा मिळत नाही. बाळाला ठेवावं लागतं ते गव्हाणीत, म्हणजे गुरांना चारा घालतात तिथे.

तारा : पूर्वेकडचे ज्ञानी पुरुष ताऱ्याच्या मागावर निघाले. राजा जन्मलाय म्हटल्यावर ते आधी जेरुसलेमला, हेरोद राजाच्या दरबारापर्यंत पोचले. तारा मात्र पुढे जाऊन थांबला तो बेथलेहेममधल्या एका साध्या कुटुंबापाशी. दिवाळीच्या आकाशकंदिलासारखा दिसणारा हा तारा म्हणजे वाट दाखवणारी खूण.

गोठा : गवत, मेंढ्या, मातीच्या बाहुल्या असा देखावा चर्चमध्ये आणि घरोघरी मांडतात. त्याचं श्रेय जातं असिसीच्या संत फ्रान्सिस यांना. 1223 मध्ये इटलीतल्या ग्रेचो गावात त्यांनी खरा बैल, खरं गाढव आणि खरं गवत आणून हा प्रसंग उभा केला. तो जन्म किती गरिबीत झाला, हे लोकांना डोळ्यांनी दिसावं म्हणून. अनेक घरांत 24 डिसेंबरच्या रात्रीपर्यंत गव्हाण रिकामीच ठेवतात.

झाड : युरोपातल्या कडक हिवाळ्यात बाकीची झाडं उघडी पडतात, पण सूचिपर्णी हिरवंच राहतं. म्हणून ते न संपणाऱ्या जीवनाचं प्रतीक. जर्मनीत आदम आणि हव्वेच्या नाटकासाठी अशा झाडाला सफरचंदं बांधत. आजचे लाल चकचकीत गोळे त्यांचेच वारसदार मानले जातात.

मेणबत्त्या : हिरव्या गोल रीथवर चार मेणबत्त्या दिसल्या, तर त्या चार रविवारच्या. नाताळाआधीच्या दर रविवारी एक पेटते. ही कल्पना चक्क एका वसतिगृहातली! 1839 मध्ये जर्मनीतल्या हॅम्बुर्गला योहान विखर्न या पाद्रींनी गरीब मुलांसाठी गाडीच्या चाकावर मेणबत्त्या लावल्या. रोज एक पेटवायची, म्हणजे सणाला किती दिवस उरलेत ते मुलांना कळायचं.

आता हे सगळं बघायला कॅम्पाच्या पुढे, नाना पेठेतल्या सिटी चर्चलाही जा. 1792 चं हे चर्च. पेशव्यांच्या सैन्यातल्या ख्रिस्ती शिपायांना प्रार्थनेसाठी ठिकाण हवं होतं, तेव्हा सवाई माधवरावांनी त्यासाठी जागा दिली. पेशव्यांच्या पुण्यात नाताळाला तेव्हाच हक्काची जागा मिळाली होती.

आणि एक काम तुमच्यासाठी. तुमच्या वर्गात मिझोरामची, नागालँडची, केरळची, वसईची कुणी ना कुणी असेलच. सबमिशन किंवा परीक्षेमुळे तिला 25 तारखेला घरी जाता येणार नसेल. आपण दिवाळीला रूमवर अडकलो, तर कसं वाटतं ते आठवा. मग खिडकीत एक तारा लावा, केक आणा आणि तिला फोन करा, 'ये गं, आमच्याकडे जागा आहे.'