गावाच्या स्मृतींची खातेवही

दरवर्षी नोव्हेंबर महिन्यात हयातीचा दाखला देण्यासाठी ज्येष्ठ निवृत्तिवेतनधारक शाखेत येतात. काम पाच मिनिटांचे असते. परंतु बोलता बोलता १९७२ चा दुष्काळ, गावातील पहिली शाळा, बंद पडलेला आठवडी बाजार असे विषय निघतात. पुढील वर्षी त्यांपैकी काही जण येत नाहीत. त्यांच्यासोबत गावाचा न लिहिलेला इतिहासही गेलेला असतो.

असा इतिहास जतन करता येतो, हे जात्यावरच्या ओव्यांनी दाखवून दिले आहे. हेमा राईरकर व गी प्वातवाँ यांनी १९८० च्या दशकापासून सहकाऱ्यांसह महाराष्ट्रातील खेड्यांमधून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. पिठाच्या गिरण्या आल्या, जाती मागे पडली. ओव्या मात्र राहिल्या. पी. साईनाथ यांनी स्थापन केलेल्या 'पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया' या २०१४ साली सुरू झालेल्या संकेतस्थळावर आज त्या वाचता येतात, काही ऐकताही येतात. सोबत गाणारीचे नाव, गाव, तालुका अशी माहिती असते. संग्रहाचे खरे मोल या नोंदीत आहे.

बँकेत तारीख, तपशील व स्वाक्षरी नसलेले व्हाउचर आपण स्वीकारीत नाही. संग्रहाचेही तसेच आहे. छायाचित्रातील माणसे कोण, स्थळ कोणते, साल कोणते, वस्तू कोणाकडून मिळाली, हे त्याच दिवशी लिहून ठेवावे. जाणकार व्यक्ती हयात असतानाच हे शक्य असते.

आपल्या गावासाठी असा संग्रह करू इच्छिणाऱ्यांनी पुढील बाबी ध्यानात ठेवाव्यात. मूळ कागद ताब्यात न घेता घरमालकासमोरच त्याची प्रतिमा घ्यावी. स्कॅन करताना इंचामागे किमान ३०० बिंदू ठेवावेत. जुन्या कागदांना लॅमिनेशन करू नये. आठवणी सांगणाऱ्याची लेखी संमती घ्यावी. हयात व्यक्तींची खाजगी माहिती असलेले कागद प्रसिद्ध करू नयेत. वाड्यांबरोबरच वस्त्यांचा, पाटलांबरोबरच बलुतेदार व शेतमजूर स्त्रियांचा इतिहासही नोंदवावा. अन्यथा संग्रह गावाचा न राहता काही घरांचा होतो.

प्रत्येक फाइलच्या तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर आणि त्यांतील एक गावाबाहेर ठेवावी. स्वतंत्र संकेतस्थळाचे वार्षिक शुल्क थकले की ते बंद पडते. म्हणून १९९६ साली स्थापन झालेल्या 'इंटरनेट आर्काइव्ह' या ना-नफा संस्थेच्या विनामूल्य संग्रहातही एक प्रत असावी.

आरंभ मोठा असण्याची गरज नाही. या रविवारी घरातील एक जुने छायाचित्र काढावे, आजीजवळ बसावे आणि त्यातील प्रत्येकाचे नाव विचारून लिहून घ्यावे. खात्यातील ही पहिली जमा होय.