सातबाऱ्यावरचे इराण

शहापूर किंवा मुरबाडच्या तहसील कचेरीतून आणलेला सातबारा एकदा नीट वाचून पाहा. जमीन, खातेदार, भोगवटादार, वारस, जिरायत, बागायत, पोटखराब, खरीप, रब्बी. ज्या कचेरीतून तो आला तिचे नाव तहसील, तिथल्या साहेबांचे पद तहसीलदार, कागद लिहिणारा कारकून, कागद ठेवण्याची जागा दफ्तर. एवढे सगळे शब्द मराठी माणसाच्या रोजच्या तोंडातले आहेत आणि ते पूर्ण किंवा निदान अर्धे फारसीतून, किंवा मुळात अरबी असून फारसीच्या वाटेने आपल्याकडे आले आहेत. ज्या गावात कधी कोणी इराणी माणूस पाहिला नाही, त्या गावच्या शेताची ओळख आजही इराणच्या भाषेत लिहिली जाते.

जरा फोड करून पाहू. ‘कार’ म्हणजे काम, ‘कुन’ म्हणजे करणारा. म्हणून कारकून. ‘खरीफ’ म्हणजे अरबीत शरद ऋतू, ‘रबी’ म्हणजे वसंत. भात पेरताना आपण पावसाचा विचार करतो, पण हंगामाचे नाव मात्र कापणीच्या ऋतूवरून पडले आहे. ‘बाग’ फारसी, ‘जिराअत’ म्हणजे शेती हे अरबी. ‘शाई’ आली ‘सियाही’वरून, म्हणजे काळेपणावरून. त्यामुळे निळी शाई म्हणणे हे शब्दशः पाहिले तर निळा काळेपणा म्हणण्यासारखे आहे! आणि शहापूर हे नाव? ‘शाह’ फारसी, ‘पूर’ संस्कृत. दोन भाषा एका पाटीवर शेजारी शेजारी बसल्या आहेत.

दूरची नव्हे, बहिणीची भाषा

फारसीची लिपी अरबी वळणाची असल्यामुळे ती अरबीच्या घराण्यातली असावी असे अनेकांना वाटते. तसे नाही. अरबी हिब्रूच्या कुळातली, तर फारसी संस्कृतच्या कुळातली. फारसीत भावाला बरादर म्हणतात, संस्कृतात भ्राता. आईला मादर, संस्कृतात मातृ. घोड्याला अस्प, संस्कृतात अश्व. दहाला दह, संस्कृतात दश. आठला हश्त, संस्कृतात अष्ट. सातला हफ्त, संस्कृतात सप्त. या ‘हफ्त’वरूनच सात दिवसांचा हफ्ता झाला आणि पुढे कर्जाचा हप्ताही झाला. पतपेढीत हप्ता भरणाऱ्याला आपण फारसी आकडा बोलतो आहोत याची कल्पनाही नसते.

आता घरात येऊ. आपण नमाज म्हणतो, रोजा म्हणतो, खुदा, पैगंबर, फरिश्ता, गुनाह, परहेजगार, बंदगी, ईदगाह, दरगाह म्हणतो. यांतला एकही शब्द मूळचा अरबी नाही. ‘ईदगाह’मधली ईद तेवढी अरबी आहे. अरबीत नमाजला सलात म्हणतात, रोजाला सौम. शबे-बरात आणि शबे-कद्रमधली ‘शब’ म्हणजे रात्र, तीही फारसी. ‘नमाज’ हा शब्द तर संस्कृतातल्या ‘नमस्’चा भाऊबंद आहे, दोहोंच्या मुळाशी वाकणे, झुकणे हाच अर्थ आहे. हिंदुस्थानात दीन शिकवणाऱ्यांपैकी अनेकांची विद्येची भाषा फारसी होती. म्हणून इबादत अरबीत आणि इबादतीची नावे फारसीत असे आपल्या घरांत झाले.

‘बांग’ हाही फारसी शब्द. अर्थ हाक, मोठा आवाज. मशिदीत बांग होते आणि पहाटे कोंबडाही बांग देतो. कोणत्याही धर्माच्या मराठी शेतकऱ्याच्या तोंडी हा शब्द इतका मुरला आहे की त्याचे कूळ विचारण्याची गरजच कोणाला वाटली नाही.

स्वयंपाकघरात तर विचारूच नका. शीरखुर्म्यातला ‘शीर’ म्हणजे दूध आणि ‘खुर्मा’ म्हणजे खजूर. बिर्याणी आली ‘बिर्यान’वरून, म्हणजे भाजलेले, तळलेले. कोफ्ता म्हणजे कुटलेला. गुलाब म्हणजे ‘गुल’ आणि ‘आब’, फूल आणि पाणी; मुळात गुलाबपाण्याचे नाव आपण फुलालाच देऊन टाकले. पायजमा म्हणजे पायाचे वस्त्र, रुमाल म्हणजे तोंड पुसणारा. आणि कोकणी मुसलमानांत आडनाव म्हणूनही चालणारे ‘नाखवा’ आले ‘नाखुदा’वरून, म्हणजे नावेचा मालक.

मुरबाडचा रस्ता, माहुलीचा किल्ला

हे शब्द वाऱ्यावर उडत आले नाहीत. कल्याण हे प्राचीन बंदर. तिथे उतरलेला माल मुरबाडवरून वैशाखऱ्याला आणि तिथून नाणेघाट चढून जुन्नरला जाई. नाणेघाटातला सातवाहनांचा शिलालेख सुमारे दोन हजार वर्षांचा आहे. सहाव्या शतकात कॉस्मास नावाच्या ग्रीक व्यापाऱ्याने आपल्या ग्रंथात लिहून ठेवले की कल्याणला ख्रिस्ती वस्ती आहे आणि तिचा धर्मगुरू इराणातून नेमला जातो. तेराव्या शतकात मार्को पोलोने ठाण्याच्या बंदरात घोडे आयात होत असल्याची नोंद केली. म्हणजे इस्लामपूर्वीही आणि नंतरही हा रस्ता इराणच्या आखाताशी जोडलेला होता.

राज्यकारभारात फारसी आली ती बहमनी सुलतानांबरोबर, १३४७ पासून. त्यांच्यानंतर १४९० मध्ये अहमदनगरची निजामशाही उभी राहिली आणि उत्तर कोकणाचा मोठा भाग तिच्याकडे आला. या राज्याचे शेवटचे पान आपल्या शहापूर तालुक्यात लिहिले गेले. १६३३ मध्ये दौलताबाद मोगलांनी घेतले तेव्हा शहाजीराजे भोसल्यांनी निजामशाही घराण्यातल्या एका लहान मुलाला गादीवर बसवले आणि राज्य तीन वर्षे चालवून दाखवले. १६३६ मध्ये शाहजहान आणि विजापूरचा आदिलशाह यांच्यात तह झाला. दोन्ही फौजा शहाजीराजांच्या मागे लागल्या. आसनगाव स्टेशनातून आज दिसतो तो माहुलीचा किल्ला त्यांचा शेवटचा आसरा ठरला. वेढा पडला, बालसुलतान मोगलांच्या हाती द्यावा लागला, निजामशाही संपली आणि शहाजीराजे आदिलशाहीच्या चाकरीत गेले.

या घडामोडींचे एक मोठे साधन म्हणजे अब्दुल हमीद लाहोरीचा ‘बादशाहनामा’. तो फारसीत आहे. छत्रपती शिवाजी महाराजांच्या वडिलांच्या आयुष्यातला हा निर्णायक प्रसंग ज्याला मुळातून अभ्यासायचा असेल त्याला फारसी शिकावी लागते. ग. ह. खरे यांनी पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळासाठी ऐतिहासिक फारसी कागदांचे खंड संपादित केले, सेतु माधवराव पगडी यांनी फारसी साधने मराठीत आणली, माधवराव पटवर्धन म्हणजेच कवी माधव जूलियन यांनी १९२५ मध्ये फार्शी-मराठी कोश तयार केला, ते यासाठीच. मराठीवर प्रेम करणाऱ्या माणसांनीच महाराष्ट्रात फारसीची जोपासना केली, ही गोष्ट आपल्या मुलांना आवर्जून सांगायला हवी.

शिवाजी महाराजांनी कारभारातल्या फारसी शब्दांना संस्कृत पर्याय देणारा ‘राजव्यवहारकोश’ तयार करवून घेतला हेही खरे आहे. आपले राज्य आपल्या भाषेत चालावे असे राजाला वाटणे स्वाभाविक होते. पण बोली आपल्या मर्जीने चालते. कोशाने पेशव्याला पंतप्रधान केले. पुढे त्याच गादीवर बसणाऱ्यांना जगाने पेशवे म्हणूनच ओळखले. ‘पेशवा’ हा फारसी शब्द, अर्थ पुढे असणारा. फडणवीसांमधला ‘नवीस’ म्हणजे लिहिणारा, चिटणीसांमधला ‘नीस’ही तोच. तेव्हा फारसी शब्द म्हणजे मुसलमानांचे आणि बाकीचे इतरांचे, अशी वाटणी मराठीत करताच येत नाही. कोणी तुमच्या लेकराला शाळेत ‘तुमची भाषा वेगळी’ म्हणून हिणवले, तर त्याने भांडू नये. ‘हुशार’, ‘मजा’, ‘बरोबर’, ‘फक्त’ आणि ‘शिवाय’ हे शब्द न वापरता पाच मिनिटे बोलून दाखव, एवढेच म्हणावे.

वाळवंटातले पाणी

इराण म्हणजे नुसते वाळवंट नाही. कॅस्पियन समुद्राच्या काठाने तिथे हिर्केनियन नावाचे अतिप्राचीन, दाट जंगल आहे. २०१९ मध्ये ते जागतिक वारसा ठरले. आशियाई चित्ता आपल्या देशातून नाहीसा झाल्याचे १९५२ मध्ये जाहीर झाले. आज तो जगात फक्त इराणात, तोही अगदी मोजक्या संख्येने उरला आहे. आणि त्याच देशातल्या लूतच्या वाळवंटात २००५ मध्ये उपग्रहाने जमिनीचे तापमान ७०.७ अंश सेल्सियस मोजले.

अशा देशात माणसे जगली ती कनातीच्या जोरावर. डोंगराच्या पायथ्याशी, जिथे भूजल लागते तिथे, एक खोल विहीर खणायची. तिथून गावापर्यंत अगदी हलक्या उताराचा बोगदा न्यायचा. वाटेत ठरावीक अंतरावर माती काढायला आणि हवा खेळायला उभ्या विहिरी ठेवायच्या. ना पंप, ना वीज. पाणी उताराने आपोआप येते आणि जमिनीखाली असल्याने उन्हात उडून जात नाही. गोनाबादची कनात ३३ किलोमीटर लांब आहे, अडीच हजार वर्षांहून जुनी आहे आणि अजून वाहते. २०१६ मध्ये इराणच्या अकरा कनाती जागतिक वारसा यादीत आल्या.

याहून विचार करण्यासारखी आहे ती पाण्याची वाटणी. गावाने नेमलेला मीराब, म्हणजे पाण्याचा अमीर, पाळी ठरवतो. तळाला बारीक भोक असलेली वाटी पाण्यात सोडतात. ती भरून बुडाली की एक माप झाले. इतक्या वाट्यांचे पाणी या शेताला, इतक्या वाट्यांचे त्या शेताला. श्रीमंताची वाटी मोठी नसते.

हीच विद्या मलिक अंबरने दख्खनमध्ये वापरली. तो हबशी गुलाम म्हणून आला आणि निजामशाहीचा वजीर झाला. त्याने वसवलेल्या खडकीत, म्हणजे नंतरच्या औरंगाबादेत, सुमारे १६१७ मध्ये नहर-ए-अंबरी बांधली गेली आणि जमिनीखालच्या नळांतून शहराला पाणी मिळाले. खंदकाची कथा तर त्याहून जुनी. हिजरी ५ मध्ये मदिनेवर चाल झाली तेव्हा शहराभोवती चर खणण्याचा सल्ला हजरत सलमान फारसी (रजि.) यांनी दिला, कारण ही रीत त्यांच्या इराणातली होती. ‘खंदक’ हा शब्दही फारसी ‘कंदन’, म्हणजे खणणे, याच्याच कुळातला. आज मराठीत प्रत्येक भुईकोटाचे वर्णन या शब्दाशिवाय होत नाही.

आता आपल्याकडे पाहा. तानसा १८९२ पासून, मोडकसागर १९५७ पासून आणि नंतर भातसा, शहापूर तालुक्यातली ही धरणे मुंबईची तहान भागवतात. आणि एप्रिल-मे महिन्यांत त्याच तालुक्यातल्या वाड्या-पाड्यांवर बायका टँकरची वाट पाहत हंडे मांडून बसतात. पाऊस आपल्याकडे इराणच्या कित्येक पट पडतो. कमी पडते ती मीराबाची वाटी.

पेटीतले जुने कागद

शेवटी कामाची गोष्ट. शहापूर, मुरबाड, कल्याण, भिवंडी भागातल्या अनेक घरांत लोखंडी पेटीत जुने कागद आहेत. काही मोडी लिपीतले, काही फारसीतले. त्यांत जमिनीची सनद असू शकते, मशिदीच्या दिवाबत्तीसाठी दिलेला इनाम असू शकतो, कबरस्तानाची हद्द असू शकते. वाचता येत नाही म्हणून हे कागद वाळवीला, पुराला किंवा रद्दीला जातात. मग हद्दीचा वाद उभा राहतो तेव्हा हातात काहीच नसते.

अशा कागदांवर सेलोटेप लावू नका, त्यांचे लॅमिनेशन करू नका. घडी हलक्या हाताने उघडा, स्वच्छ उजेडात दोन्ही बाजूंचे फोटो घ्या आणि मूळ कागद सुती कपड्यात, कोरड्या जागी ठेवा. वाचून घेण्यासाठी आधी फोटो द्या. मूळ कागद कोणाच्याही हाती सोपवू नका. पुण्याच्या पेशवे दफ्तरात आणि मुंबईच्या पुराभिलेखागारात जुन्या कागदांचे मोठे साठे आहेत. तुमच्या गावच्या इनामाची नोंद तिथे मिळते का हे विचारता येते. मोडीचे वर्गही राज्यात भरतात. घरातल्या एका तरी मुलाने किंवा मुलीने ती लिपी शिकावी.

आणि त्या मुलाने मदरशात अरबी आकडे शिकले असतील, तर निम्मे काम झालेच म्हणून समजा. जुन्या मराठी कागदांवर शुहूर सन असतो. तो अरबी अंकशब्दांत लिहिलेला असतो आणि शेतकऱ्याच्या मृग नक्षत्रापासून सुरू होतो. शिवराज्याभिषेक झाला ते साल या गणनेत ‘खमस सबैन अलफ’ होते. खमस म्हणजे पाच, सबैन सत्तर, अलफ हजार. मिळून १०७५. त्यात ५९९ मिळवा, १६७४ येते. मृगापासून डिसेंबर अखेरपर्यंतच्या कागदाला ५९९ मिळवायचे, जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंतच्या कागदाला ६००.

भाषा मराठी, लिपी मोडी, अंक अरबी, मायना फारसी आणि वर्ष मृगाच्या पावसाचे. असा एखादा कागद तुमच्या पेटीत असेल, तर या रविवारी मुलांना जवळ बसवून तो उघडा.