जर्मनीत खोली मिळाली, आता पुढे?

चावी हातात आली की पहिलं काम पत्तानोंदणीचं. राहायला गेल्यापासून 2 आठवड्यांत ती करावी लागते. त्यासाठी घरमालकाच्या सहीचा दाखला हवा. नुसता भाडेकरार चालत नाही. पुढची बरीच कागदपत्रं या नोंदणीवाचून अडतात, म्हणून 'नोंदणी जमणार नाही' म्हणणारी स्वस्त खोली घेऊच नये.

'काल्टमीटे' म्हणजे निव्वळ भाडं. 'वार्ममीटे'त हीटिंग, पाणी, कचरा धरलेलं असतं, वीज बहुधा वेगळी. अनामत निव्वळ भाड्याच्या तिपटीहून जास्त मागता येत नाही आणि ती 3 मासिक हप्त्यांत देण्याची मुभा कायद्यानेच दिली आहे. रिकामं घर मात्र अक्षरशः रिकामं: अनेकदा ओटा, सिंकसुद्धा नाही, छताला नुसत्या लोंबत्या वायरी! टीव्ही नसला तरी प्रसारण शुल्क भरावंच लागतं, पण घरटी एकदाच. एका फ्लॅटमध्ये चौघं राहत असाल तर वाटून घ्या.

पत्रपेटीवर आपलं आडनाव लगेच चिकटवा. फ्लॅटला बहुधा क्रमांक नसतो, पोस्टमन नाव पाहूनच टपाल टाकतो. रात्री 10 नंतर शांतता पाळायची असते, तेव्हा मिक्सर नको. आणि ताबा घेतानाच भिंतीवरचे डाग-ओरखडे फोटोंसह लिहून मालकाची सही घ्या. अनामत परत मागताना तोच कागद उपयोगी पडतो.