पहिली कमाई

कासुर्डी हें दौंड तालुक्यांत, पुणें-सोलापूर रस्त्यालगत यवतच्या शेजारीं वसलेलें गांव. ह्या पट्ट्यांत ऊस उदंड, आणि उसाबरोबर गुऱ्हाळेंहि आलींच. तेथील आमच्या एका विद्यार्थ्यास चवदा वर्षें पुरीं झालीं होतीं. दिवाळीच्या सुटींत गुऱ्हाळावर गुळाच्या ढेपांचीं वजनें वहींत टिपण्याचें काम धरावें, असें त्याच्या मनानें घेतलें. त्याचे वडील कष्टी मुद्रेनें आमच्याकडे आले व म्हणाले, "गुरुजी, आमचे आजोबा माधुकरी मागून शिकले. पण आमच्या घरचा मुलगा ढेपा मोजीत बसलेला पाहून लोक काय म्हणतील?"

आम्हांस नवल वाटलें. मागून खाण्यांत कमीपणा नव्हता. मग मिळवून खाण्यांत तो कोठून आला?

कै. गोपाळ गणेश आगरकरांचें उदाहरण आम्हीं त्यांस सांगितलें. १८५६ सालीं टेंभूस दरिद्री घरांत जन्मलेल्या ह्या मुलानें कऱ्हाडास कचेरींत उमेदवारी केली, पुढें कंपाउंडरचेंहि काम केलें, १८७५ मध्यें अकोल्याहून मॅट्रिक होऊन १८८० सालीं एम्. ए. ची पदवी मिळविली. त्या कामांनीं त्यांचें तेज उणें झालें नाहीं. १८८१ सालीं निघालेल्या 'केसरी'चे ते पहिले संपादक झाले.

तथापि काम म्हणजे मुलास जुंपणें नव्हे. १९८६ च्या कायद्यांत २०१६ सालीं झालेल्या दुरुस्तीनें चवदा वर्षांखालील मुलांस कामावर ठेवण्यास मनाई आहे. शाळेच्या वेळेबाहेर घरच्या निर्धोक उद्योगास हातभार आणि कलावंताचें काम, एवढेच काय ते अपवाद. चवदा ते अठरा वयाच्या मुलांसहि खाणी, स्फोटक पदार्थ व घातक प्रक्रिया वर्ज्य आहेत. म्हणून आम्हीं तीन अटी घातल्या: उकळत्या काहिलीच्या व चरकाच्या जवळ जावयाचें नाहीं; दिवे लागणीपूर्वीं घरीं यावयाचें; आणि शाळा उघडतांच वही मालकाच्या हातीं द्यावयाची.

वडिलांनीं अनिच्छेनें रुकार दिला. चवथ्या दिवशीं सायंकाळीं वहींतील आंकडा आणि रचलेल्या ढेपा यांत एकीचा फरक आला. कोणाच्या लक्षांत आलें नव्हतें. मुलानें पुन्हां मोजणी केली, आपलीच नोंद सुटल्याचें त्यास आढळलें, आणि तें त्यानें मालकास आपण होऊन सांगितलें. मालक रागावले नाहींत. दुसऱ्या दिवसापासून त्यांनीं त्याची बेरीज पडताळणें मात्र सोडून दिलें.

सुटी संपल्यावर त्यानें मजुरी आईच्या हातीं ठेवली. वडील कांहीं बोलले नाहींत. त्यांनीं ती वही मागून घेतली व पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचली.

परक्या माणसाचा विश्वास हीच मुलाची पहिली कमाई होय. ती घरांत बसून मिळत नाहीं. आणि ती मिळविण्यास निघालेल्या मुलास आपण लोकलज्जेपायीं अडवूं नये, एवढेंच पालकांस आमचें सांगणें आहे.