सेवापुस्तकाची किल्ली

दिवाळीच्या साफसफाईत यंदा माळ्यावरून एक पत्र्याची पेटी खाली उतरली. आत जुनी पंचांगे, विम्याच्या पावत्या आणि सर्वांत तळाशी, तांबड्या कापडात गुंडाळलेले, मामंजींचे दुय्यम सेवापुस्तक! मामंजी इथेच नागपुरात एका सरकारी कचेरीत हेडक्लार्क होते. त्यांना जाऊन आता सहा वर्षे झाली. केरसुणी बाजूला ठेवली आणि तशीच जमिनीवर बसून मी पुस्तक उघडले.

जन्मतारीख, उंची, अंगावरची खूण, बोटांचे ठसे, नेमणूक, वेतनवाढ, रजा, बदली. एका माणसाचे सारे कर्तेपण त्या पानांत बसवलेले. मामंजी म्हणत, "सरकारी नोकराची कुंडली दोनदा मांडतात. एकदा जन्मल्यावर जोशीबुवा आणि एकदा नोकरी लागल्यावर आस्थापनेचा कारकून. पहिली चुकली तर निभावते. दुसरी चुकली तर पेन्शन अडते!"

मूळ पुस्तक कचेरीच्या कपाटात असे आणि त्या कपाटाची किल्ली मामंजींच्या खिशात. नोंद करायची ती साहेबाच्या सहीने. वर्षातून एकदा ज्याचे पुस्तक त्याला दाखवायचे आणि पाहिल्याबद्दल त्याची सही घ्यायची. मामंजी रजेवर निघाले की किल्ली दुसऱ्याच्या हाती जाई, पण नुसती नव्हे. चार्ज दिल्याघेतल्याचा कागद होई, त्यावर दोघांच्या सह्या पडत. त्या काळी सासूबाई याला हसत. "एवढीशी किल्ली, आणि तिची केवढी मिरवणूक!" मीही हसत असे. आता हसू येत नाही.

कारण आता ते कपाट उरलेले नाही. राज्य सरकारच्या नोकरांचे पगार 'सेवार्थ' नावाच्या संगणक प्रणालीतून निघतात, शाळांतल्या शिक्षकांचे 'शालार्थ'मधून आणि आम्हां प्राध्यापक मंडळींचे 'एचटीई सेवार्थ'मधून. पगार पहिल्या आठवड्यात झाला की आम्ही खूष. तो कुठल्या वहीतून आला, ती वही कोण उघडते, हे विचारण्याचे कुणाच्या मनातही येत नाही. माझ्याही आले नव्हते. २०२५ च्या एप्रिलात आमच्या नागपुरातच ती वही उघडी पडली, तेव्हा आले.

वर्तमानपत्रांतून हे प्रकरण 'शालार्थ घोटाळा' म्हणून गाजले. ते समजून घ्यायचे तर आधी रीत कळली पाहिजे. खाजगी अनुदानित शाळेत शिक्षक नेमला की शिक्षणाधिकारी त्याला वैयक्तिक मान्यता देतात. मग उपसंचालकांच्या कार्यालयातून त्याला शालार्थ क्रमांक मिळतो. हा क्रमांक म्हणजेच वहीतले त्याचे पान. पुढे मुख्याध्यापक संगणकावर पगाराचे बिल भरतात, वेतन पथकाचे अधीक्षक ते तपासून मंजूर करतात आणि कोषागारातून पैसे निघतात. प्रत्येक पायरीला निराळा माणूस आणि निराळा परवलीचा शब्द. कागदावर पाहिले तर मामंजींनीही मान डोलवावी अशी ही व्यवस्था!

पोलिसांचा आरोप असा, की या पायऱ्या मधल्यामध्ये गाळून, खोट्या मान्यतापत्रांच्या आधारे, मुळात शिक्षक नसलेल्यांची पाने या वहीत घुसवण्यात आली आणि त्यांच्या नावे सरकारी तिजोरीतून पगार निघत राहिले. नागपूर विभागातल्या अशा नावांचा ५८० हा आकडा सर्वत्र छापून आला. शिक्षण खात्यातल्या बड्या अधिकाऱ्यांपासून कारकुनांपर्यंत अनेकांना अटक झाली. ऑगस्ट २०२५ मध्ये राज्य सरकारने २०१२ पासूनच्या नेमणुकांचा छडा लावण्यासाठी विशेष तपास पथक नेमले. कोण दोषी हे न्यायालय ठरवील. ते आपले काम नव्हे. पण चौकशीत वारंवार पुढे आलेला प्रश्न मात्र आपल्या घरातला आहे. अमक्या साहेबांच्या नावाने वही उघडली गेली, तेव्हा खुर्चीवर साहेबच होते, की त्यांचा परवलीचा शब्द ठाऊक असलेला दुसराच कुणी?

माझ्या नणंदबाई एका अनुदानित शाळेत गणित शिकवतात. नेमणूक २०१४ ची, अगदी रीतसर. २०१२ नंतर नेमलेल्या सर्वांनी आपापले कागद पुन्हा प्रणालीत चढवावेत असा हुकूम जुलै २०२५ मध्ये निघाला, तेव्हा त्या दोन रविवार आमच्याकडे बसून कागद जुळवत होत्या. नियुक्तीचा आदेश, रुजू झाल्याचा अहवाल, मान्यतेचे पत्र. मधेच थांबून म्हणाल्या, "वहिनी, अकरा वर्षं खडू झिजवला. आता मी खरी शिक्षिका आहे हे मलाच सिद्ध करायचंय." चहा गार होत होता. मला उत्तर सुचले नाही. खोट्या पानांचे पाप असे खऱ्या पानांवर डागासारखे उमटते.

भाऊबीजेला माझा भाचा आला होता. तो पुण्याला एका सॉफ्टवेअर कंपनीत आहे. चिवड्याची बशी पुढे करून मी त्याला हे सारे सांगितले. तो म्हणाला, "मावशी, तुमच्याकडे किल्ली आतल्या माणसानं बाहेर दिली. अमेरिकेत तर वरूनच हुकूम आला आणि बाहेरची माणसं आत आली!"

ती हकिगतही सांगण्याजोगी आहे. २० जानेवारी २०२५ रोजी राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी दुसऱ्यांदा सूत्रे हाती घेतली आणि त्याच दिवशी सरकारी काटकसरीसाठी एक नवे खाते उघडले. उद्योगपती इलॉन मस्क त्याचे म्होरके. त्यांच्या बरोबरचे अभियंते, त्यांतले काही अगदी विशीतले, केंद्र सरकारच्या कर्मचारी कार्यालयात येऊन बसले. वीस लाखांहून अधिक मुलकी नोकरांचे दप्तर तिथे आहे. त्यात जन्मतारखा, घरचे पत्ते, वेतनश्रेणी, कामाचे शेरे, सारे काही. महिनाअखेरीस बातमी आली, की वर्षानुवर्षे ते दप्तर सांभाळणाऱ्या काही वरिष्ठ अधिकाऱ्यांनाच त्या प्रणालीतून बाहेर काढण्यात आले. म्हणजे किल्ली नव्या हाती गेली आणि जुन्या किल्लेदाराला दाराबाहेर उभे केले!

याच कार्यालयाला २०१५ साली मोठा फटका बसला होता. तेव्हा २ कोटी १५ लाख माणसांची माहिती चोरीस गेल्याचे उघड झाले. ५६ लाखांचे बोटांचे ठसेसुद्धा! परवलीचा शब्द बदलता येतो. बोटे कुठून बदलणार? एवढे होऊनही दहा वर्षांनी दार असे उघडावे, याचा तिथल्या नोकरांच्या संघटनांना धसका बसला तर नवल नाही. त्या न्यायालयात गेल्या. ९ जून २०२५ रोजी न्यूयॉर्कच्या एका न्यायाधीशांनी ठरवले, की या कार्यालयाने कायदा आणि स्वतःचेच सुरक्षेचे नेम डावलले. मात्र तीनच दिवस आधी, सामाजिक सुरक्षा खात्याच्या दप्तराबाबत, तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने याच अभियंत्यांना तूर्त मुभा दिली होती. तेव्हा प्रश्न एका निकालाने मिटणारा नाही.

मी भाच्याला विचारले, "मग काय, अभियंत्यांना आत येऊच देऊ नये?" तो म्हणाला, "तसं कसं चालेल? २०१८ च्या जानेवारीत शालार्थ बंद पडली, तेव्हा आत्याबाईंचे पगार किती दिवस कागदी बिलांवर झाले ते विचार. बिघडलेलं कुलूप दुरुस्त करायला माणूस लागतोच. पण त्याला किल्ली द्यायची ती कामापुरती आणि वेळेपुरती. रात्री ती त्याच्या खिशात राहता कामा नये. नुसतं वाचायचं असेल तर लिहिण्याची मुभा द्यायची नाही. आणि कुणी, केव्हा, कुठलं पान उघडलं याची नोंद आपोआप व्हायला हवी. ती अशी, की त्याला स्वतःलाही पुसता येऊ नये."

मी हसले. तो गोंधळला. मी उठून मामंजींच्या पेटीतला चार्ज दिल्याघेतल्याचा एक पिवळा पडलेला कागद त्याच्या हाती ठेवला. त्यावर तारीख होती, वेळ होती, कपाटाचा क्रमांक होता, दोन सह्या होत्या. भाच्याने तो दोनदा वाचला. म्हणाला, "हेच की!"

होय, हेच. यंत्र नवे आले म्हणून शहाणपण नवे शोधावे लागत नाही. जुने विसरले नाही म्हणजे पुरे. नोकराचे सेवापत्रक ही त्याची खाजगी गोष्ट आहे, असे आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २०१२ सालीच एका प्रकरणात म्हटले आहे. शेजाऱ्याने मागितले तर ते सहजी मिळत नाही. मग ज्या साहेबाचा परवलीचा शब्द टेबलाच्या काचेखाली चिठ्ठीवर लिहून ठेवलेला असतो, त्याच्या कचेरीत ते कुणालाही का मिळावे? आणि त्या काचेखालच्या चिठ्ठ्या मी माझ्या डोळ्यांनी पाहिल्या आहेत.

या साऱ्यात मला अधिक बोचते ते निराळेच. मामंजींच्या वेळी वर्षातून एकदा का होईना, पुस्तकाचा मालक पुस्तक पाही आणि सही करी. चुकीची नोंद तिथे पकडली जाई. शिवाय त्या सहीने दप्तर सांभाळणाऱ्याला जाणीव राही, की ही वही आपली नाही, आपण नुसते राखणदार आहोत. कपाट गेले, आणि त्याबरोबर ही जाणीवही गेली की काय?

सुट्टीनंतर कॉलेज उघडले त्या दिवशी मी आमच्या हिशेबनिसांकडे गेले. सज्जन गृहस्थ. त्यांना विचारले, "माझ्या पानावर गेल्या वर्षात कुणी कुणी हात लावला, हे मला पाहता येईल का हो?"

त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. म्हणाले, "मॅडम, आजवर असं कुणी विचारलंच नाही."

मी अर्ज लिहून दिला आणि पोच मागितली. त्यांनी तारीख घातली, वेळ घातली आणि खाली सही केली. तो कागद मी मामंजींच्या पेटीत ठेवला आहे. पेटी मात्र आता माळ्यावर नाही.