हंगामी नोकरी आणि निवृत्तिवेतन

भैंसा ही कापसाची पेठ. हंगाम सरला, की जिनिंगमधील काम थांबते. म्हणूनच ‘आम्हां हंगामी माणसांस कसले निवृत्तिवेतन?’ असे कामगार विचारतात. वस्तुतः भविष्यनिर्वाह निधीचे सभासदत्व असल्यास, १९९५ च्या निवृत्तिवेतन योजनेत हंगामी आस्थापनेतील वर्षभराहून कमी सेवाही त्या वर्षापुरती पूर्ण वर्ष धरली जाते. अशी दहा वर्षे भरली, की अठ्ठावन्नाव्या वर्षापासून आजन्म वेतन मिळते. २०१४ साली त्याची किमान मर्यादा दरमहा १,००० रुपये ठरली. रक्कम तुटपुंजी खरी. परंतु पश्चात पत्नीलाही आधार राहतो. घात होतो तो निराळाच. काम सुटते, घरी लेकीचे लग्न निघते आणि आठ-नऊ वर्षांची सेवा असताना पैसे उचलले जातात. ती वर्षे मग गेलीच! त्याऐवजी योजना-प्रमाणपत्र मागून घ्यावे. पुढील नोकरीत मागील सेवा जोडली जाते.